हंटर कमिशनापुढील जोतीराव फुले यांचें निवेदन : कन्याशाळाविषयक परिच्छेदाची चिकित्सा

ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव गोविंदराव फुले यांनीं डॉ. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण-कमिशनास जें इंग्रजी निवेदन सादर केलें, त्याचा उल्लेख आपल्याकडील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर लिहिणारा बहुधा प्रत्येक लेखक करतो. तें निवेदन कमिशनाच्या मुंबई इलाख्यासंबंधींच्या पुराव्याच्या दुसऱ्या खंडांत १८८४ सालीं छापून निघालें, आणि पुढें फुले यांच्या समग्र वाङ्मयाच्या सरकारी आवृत्तींतही त्याचा समावेश झाला. सारांश, तें दुर्मिळ म्हणतां येत नाहीं. जो कागद कोणासही सहज मिळतो तो कोणी नीट वाचीत नाहीं, हा अनुभव मात्र जुन्या संग्राहकांस नवा नसावा. एखादी चार ओळींची सनद हातीं आली तर आपण तिच्यावर चार महिने घालवितों. तिचा कागद, तिची मोर्तब, तिचें वळण पारखतों. छापील सरकारी खंडास मात्र तो छापील आहे एवढ्याच कारणानें प्रमाण मानून मोकळे होतों.

निवेदन मोठें आहे. प्राथमिक शिक्षणाची दैना, पंतोजींच्या नेमणुका, शेतकऱ्यांकडून शिक्षणासाठीं म्हणून वसूल होणारा कर, उच्च शिक्षणावरील खर्च, शिष्यवृत्त्या असे अनेक विषय त्यांत आले आहेत. त्या सर्वांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय आरंभींचा एकच परिच्छेद होय. आपण कोणत्या अधिकारानें बोलत आहों हें सांगण्यासाठीं निवेदनकर्त्यानें तो घातला आहे. त्याचें तात्पर्य असें : पुण्यांत मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, पण एतद्देशीयांनीं चालविलेली नव्हती, म्हणून आपण अशी शाळा काढली व तींत आपण आणि आपली पत्नी यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें. पुढें ती सुशिक्षित एतद्देशीय गृहस्थांच्या एका कमिटीकडे दिली व तिच्या विद्यमानें शहरांत आणखी दोन शाळा निघाल्या. मुलींच्या शाळेनंतर एका वर्षानें महार, मांग आदि जातींसाठीं शाळा काढली. तिलाही मागाहून दोन शाळांची जोड मिळाली. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी व सरकारचे सेक्रेटरी लम्सडेन यांनीं मुलींच्या शाळा पाहून संतोष दर्शविला व शालजोडी दिली. नऊ-दहा वर्षांनंतर, ज्यांचा तपशील देण्याचें कारण नाहीं अशा गोष्टींमुळें, आपण त्या कामांतून अंग काढून घेतलें. मुलींच्या शाळा अद्याप चालू आहेत. कमिटीनें त्या शिक्षणखात्याच्या स्वाधीन केल्या असून मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांची व्यवस्था आहे. महारमांगांची शाळाही आहे, पण तिची स्थिति समाधानकारक नाहीं.

आतां पाठाकडे वळूं. ही शाळा आपण केव्हां काढली हें सांगतांना छापील निवेदनांत ‘सुमारें १८५४’ असें साल पडलें आहे. हें साल चुकीचें आहे, आणि तें चुकीचें आहे हें दाखविण्यास निवेदनाच्या बाहेर फार दूर जाण्याची गरज नाहीं. सर एर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनीं १८५२ सालीं तें पद सोडून विलायतेचा रस्ता धरला. १८५४ सालीं तर ते डेव्हनपोर्टतर्फे पार्लमेंटचे सभासद झाले होते. जी शाळा १८५४ च्या सुमारास निघाली ती पाहण्यास १८५२ सालींच हिंदुस्थान सोडून गेलेला गृहस्थ येणार कसा? कोणी असें म्हणेल कीं, येथें दोन एर्स्किनांची गल्लत झाली असावी. कारण १८५५ सालीं बोर्ड मोडून शिक्षणखातें निघालें तेव्हां त्याचे पहिले डायरेक्टर सी. जे. एर्स्किन हे होते. परंतु निवेदनांत आडनांव पेरी आहे आणि हुद्दा बोर्डाच्या अध्यक्षाचा आहे. तेव्हां ही पळवाट बंद होते.

बाह्य पुरावा याहून स्पष्ट आहे. जोतीरावांचा सरकारतर्फे गौरव झाला तो १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं, पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत, मेजर कँडी यांच्या हस्तें. शाळांच्या कमिटीच्या अहवालावरून पाहतां बुधवार पेठेंत चिपळूणकरांच्या वाड्यांतील मुलींची शाळा ३ जुलै १८५१ रोजीं, रास्ता पेठेंतील १७ सप्टेंबर १८५१ रोजीं आणि वेताळ पेठेंतील १५ मार्च १८५२ रोजीं सुरू झाली. निवेदनांत एक शाळा व तिला पुढें जोडलेल्या दोन, असा जो क्रम सांगितला आहे तो या तीन तारखांशीं तंतोतंत जुळतो. महारमांगांची शाळा ‘एका वर्षानंतर’ निघाली हें म्हणणेंही १८५२ शीं जुळतें. म्हणजे निवेदनकर्त्याच्या मनांत जी मालिका आहे तिचा आरंभ १८५१ चा आहे. १८५१ चें १८५४ होण्यास हस्तलिखितांतील शेवटच्या आंकड्याचा एक फटकारा पुरेसा होतो. ज्यांनीं त्या काळच्या इंग्रजी कारकुनी हातांतील १ आणि ४ पाहिले आहेत, त्यांस याहून अधिक सांगणें नको. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं तीस वर्षांमागील साल आठवून सांगतांना स्मृति घसरली असेल, असाही पक्ष संभवतो, व ‘सुमारें’ हा शब्द त्यास अनुकूल आहे. परंतु ज्या मनुष्यास शाळांचा क्रम, त्यांतील अंतर व भेट देणाऱ्यांचे हुद्दे बिनचूक आठवतात तो आरंभाचें साल तेवढें तीन वर्षांनीं चुकतो, हें मला पटत नाहीं. माझा कल लेखनदोषाकडे आहे.

असें असलें तरी मूळ पाठ बदलून छापण्यास माझा सक्त विरोध आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वाची प्रस्तावना डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केली; पाठ सुधारण्यापेक्षां आहे त्या पाठाचा अर्थ लावण्यास आधीं मान द्यावा, हा दंडक तींत घालून दिला आहे. जो नियम व्यासांच्या ग्रंथास तोच सरकारी खंडास. छापील पाठ १८५४ असाच ठेवावा, त्याखालीं टीप द्यावी, आणि टीपेंत कारणें द्यावीं. निवेदनाचा सारांश देतांना सालाच्या जागीं निमूटपणें १८४८ घालण्याची जी रीत व्याख्यानांतून व शालेय पुस्तिकांतून पडली आहे ती भक्तीची असेल, संशोधनाची नव्हे. तशा दुरुस्तीनें जोतीरावांचें महत्त्व तिळभरही वाढत नाहीं. एक पुरावा मात्र नासतो.

मग १८४८ चें काय? बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत त्या सालीं मुलींची शाळा निघाली हें सर्वमान्य आहे. वाद आहे तो महिन्याचा. कोणी १ जानेवारी धरतात, कोणी ऑगस्ट. निवेदन या शाळेविषयीं मूक आहे, एवढ्यावरून ती नव्हतीच असें अनुमान काढणें म्हणजे अनुक्तीस अभाव मानणें होय. न्यायशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तें करणार नाहीं. ती शाळा थोड्याच काळांत बंद पडली. कमिशनापुढें बोलतांना जोतीरावांनीं जें अखंड चाललें व १८८२ पर्यंत टिकलें त्याचाच हिशेब दिला, असा त्या मौनाचा सरळ अर्थ लागतो. इतिहासकारास ‘पहिली’ हवी असते. साक्षीदारास ‘चालू’ दाखवावयाची असते. या दोन गरजांचा घोळ झाल्यामुळेंच एवढा वाद माजला. भिडेवाड्याची जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठीं २०२३ च्या डिसेंबरांत पाडण्यांत आली. वास्तु गेली, यापुढें त्या शाळेची साक्ष जी काय मिळेल ती कागदांतूनच मिळणार.

सालाचा वाद एवढा रंगला कीं, त्याच परिच्छेदांतील शेवटाकडील एका वाक्याकडे पाहण्यास कोणास फुरसत झाली नाहीं. माझ्या मतें सरकारी कन्याशाळांच्या इतिहासांत साऱ्या निवेदनापेक्षां त्या वाक्याचें मोल अधिक आहे. कमिटीनें आपल्या शाळा शिक्षणखात्याच्या स्वाधीन केल्या, असें तें वाक्य सांगतें. म्हणजे १८८२ सालीं पुण्यांत ज्यांस सरकारी कन्याशाळा म्हणत, त्यांतील कांहींचा तरी जन्म खात्याच्या हुकुमानें झालेला नव्हता. एका माळ्याच्या मुलानें व त्याच्या पत्नीनें मांडलेला संसार, सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर प्रभृति मित्रांनीं संभाळलेला, शेवटीं खात्याच्या घरांत गेला. ‘सरकारनें पुण्यांत मुलींच्या शाळा काढल्या’ आणि ‘सरकारनें पुण्यांतील मुलींच्या शाळा घेतल्या’ या दोन वाक्यांत एका क्रियापदाचाच फरक आहे, पण इतिहास सगळा त्या क्रियापदांत आहे. हें हस्तांतर कोणत्या सालीं झालें तें निवेदन सांगत नाहीं. आरंभ १८४८ धरून नऊ-दहा वर्षें मोजलीं तर जोतीराव १८५७-५८ च्या सुमारास बाजूस झाले असें येतें. १८५१ धरल्यास १८६०-६१. वरील पाठनिर्णय केवळ आंकड्यांचा खेळ नाहीं तो यासाठीं. कमिटीचा उत्तरकाळ व हस्तांतराचे कागद कोणत्या सालांच्या दप्तरांत शोधावयाचे, हें त्यावर ठरतें.

हस्तांतराच्या आधींही सरकारचा हात या शाळांस लागला होता, आणि तो कोणत्या थैलींतून लागला हें पाहणें मनोरंजक आहे. दक्षिणा प्राइझ फंडांतून या शाळांस मासिक साहाय्य मिळत असे. ही दक्षिणा म्हणजे तळेगांवच्या दाभाड्यांनीं आरंभिलेली व पेशव्यांनीं वाढविलेली श्रावणमासची दक्षिणा. इंग्रजी अंमल झाल्यावर तींतील कांहीं भाग वळवून कमिशनर चॅप्लिन यांनीं ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ सालीं सुधारकांनीं सरकारास अर्ज केला कीं, या द्रव्यांतून मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन द्यावें. शहरांत त्यावरून किती क्षोभ झाला तें जाणत्यांस ठाऊकच आहे. आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं, ज्या वाड्यांत ब्राह्मण विद्यार्थी न्याय-व्याकरण घोकीत होते त्याच वाड्यांत, मुलींस व अतिशूद्रांस शिकविल्याबद्दल जोतीरावांच्या खांद्यावर शाल पडली. त्या दक्षिणेवर पोसलेल्या परंपरेचें मीही थोडें अन्न खाल्लें आहे, म्हणून हें लिहितांना गंमत वाटते. सरकारी साहाय्य या शब्दामागें त्या काळीं अनेकदां असें जुनें देशी दान दडलेलें असतें. त्याचें नांव अहवालांत राहत नाहीं. देणाऱ्या हाताचें राहतें.

सरकारची स्वतःची भूमिका काय होती? १९ जुलै १८५४ च्या सर चार्लस वुड यांच्या खलित्याचा आधार येथें नेहमीं घेतला जातो. त्याच्या ८३ व्या कलमांत स्त्रीशिक्षणाचें महत्त्व वर्णिलें असून मुलींच्या शाळांस अनुदानाचा लाभ द्यावा असें म्हटलें आहे. पण त्या कलमांत दाखल्यादाखल नांव येतें तें अहमदाबादच्या मगनभाई करमचंद यांचें. त्यांनीं त्या शहरांत मुलींच्या दोन शाळांसाठीं वीस हजार रुपये दिले होते. ज्या खलित्यास सरकारी शिक्षणाची सनद समजतात त्यानेंही कन्याशाळांच्या बाबतींत बोट दाखविलें तें एका देशी शेटजीकडे. मुंबईंतही १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या त्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण मंडळींनीं. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. मिशनांचें काम तर त्याच्याही आधींचें. सरकार या क्षेत्रांत आलें तें पाहुणा म्हणून, आणि पुढें यजमान झालें.

बंगालची तुलना केल्याखेरीज ही गोष्ट पुरती उमगणार नाहीं. बेथ्यून यांनीं ७ मे १८४९ रोजीं कलकत्त्यास मुलींची शाळा उघडली. १८५१ सालीं ते वारल्यावर लॉर्ड डलहौसी यांनीं पदरच्या पैशानें ती चालविली व १८५६ सालीं ती सरकारनें घेतली. हें सर्वांस माहीत असतें. विद्यासागरांची हकीकत तितकी माहीत नसते. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर हे संस्कृत कॉलेजाचे प्रिन्सिपल व शाळांचे विशेष इन्स्पेक्टर. वरिष्ठांची संमति आहे असें समजून त्यांनीं नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या सात महिन्यांत हुगळी, बरद्वान, मेदिनीपुर व नदिया या जिल्ह्यांत मुलींच्या ३५ शाळा काढल्या. सुमारें १,३०० मुली येऊं लागल्या. मग हिंदुस्थान सरकारनें कायमचा खर्च मंजूर करण्याचें नाकारलें. १८५७ च्या धामधुमीनंतर तिजोरीची ओढ होती हें खरें, पण मास्तरांचे पगार विद्यासागरांच्या अंगावर आले. पुष्कळ लिहालिहीनंतर मागील थकबाकी तेवढी सरकारनें चुकती केली. १८५८ च्या नोव्हेंबरांत पंडितांनीं नोकरी सोडली. त्या राजीनाम्याचें हें एकमेव कारण नसेल, पण कारणांपैकीं एक खास होतें. पुण्यास देशी शाळा सरकारनें घेतल्या. हुगळीस सरकारी अधिकाऱ्यानें काढलेल्या शाळा सरकारनें टाकल्या. दोन्ही गोष्टी एकाच राज्यांतल्या. ‘सरकारचें स्त्रीशिक्षणविषयक धोरण’ असा एकवचनी शब्द वापरणाऱ्यांनीं या दोन्ही हकीकती शेजारीं ठेवून पाहाव्या.

आतां कमिशनाच्या आंकड्यांविषयीं. १८८१-८२ सालीं मुलींच्या एकंदर २,६९७ संस्था व १,२७,०६६ विद्यार्थिनी असा ठोकळ आंकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याची फोड क्वचित् कोणी करतो. ती अशी : कॉलेज १, विद्यार्थिनी ६, दुय्यम शाळा ८१, विद्यार्थिनी २,०५४, प्राथमिक शाळा २,६००, विद्यार्थिनी ८२,४२०, नॉर्मल शाळा १५, विद्यार्थिनी ५१५. यांची बेरीज केली तर ८४,९९५ भरते. उरलेल्या ४२,०७१ मुली गेल्या कोठें? त्या मुलग्यांच्या शाळांत, म्हणजे मिश्र शाळांत, बसत होत्या. शाळेंत जाणाऱ्या दर तीन मुलींपैकीं एक मुलगी कन्याशाळेंत नव्हतीच! ज्याला केवळ कन्याशाळांचा इतिहास लिहावयाचा आहे त्याच्या ग्रंथांतून ही तिसरी मुलगी आपोआप गळते. तिच्यासाठीं वेगळी इमारत नव्हती, वेगळी पंतोजीण नव्हती, उद्घाटनास कोणी साहेब आला नाहीं, म्हणून तिची बातमीही नाहीं. तिचा माग लागला तर तो खेडेगांवच्या मराठी शाळेच्या हजेरीपटांत, मुलग्यांच्या नांवांखालीं. फोड केल्यावर दुसरीही गोष्ट दिसते. प्राथमिक कन्याशाळेंत सरासरीनें ३२ देखील मुली पडत नाहींत, आणि प्राथमिकाच्या पुढें गेलेल्यांचें प्रमाण चाळिसांत एकीच्या आसपास येतें. शाळांची संख्या सांगून वैभव दाखविणें सोपें. दर शाळेमागें मुली मोजल्या कीं तें आटोपतें.

याच ठिकाणीं निवेदनाच्या शेवटाकडे पाहावें. ज्यानें मुलींच्या शाळांसाठीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं त्यानें स्त्रीशिक्षणाची प्रत्यक्ष मागणी केली ती शेवटच्या एका वाक्यांत : मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार अधिक उदार हातानें व्हावा. एवढेंच. यावरून कोणी असें म्हणतील कीं, १८८२ पर्यंत जोतीरावांचें लक्ष स्त्रीशिक्षणावरून उडालें होतें. मला तो अर्थ मान्य नाहीं. इलाख्यांतील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाहीं, असें ते त्याच निवेदनांत बजावतात. बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा म्हणतात. शिक्षणाच्या नांवानें घेतलेला कर शिक्षणावर खर्च होत नाहीं अशी तक्रार करतात. ज्या गांवीं मुलग्यालाच शाळा नाहीं तेथें कन्याशाळेचें नांव काय काढावयाचें? मागणीचा क्रम असा लावला कीं तें शेवटचें वाक्य उपचाराचें राहत नाहीं. शिक्षणक्रमांत मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीचें व आरोग्याचें ज्ञान द्यावें, असेंही त्यांत आहे. मोडीचा उल्लेख आपल्या वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

कमिशनानें आपल्या अहवालांत (१८८३) स्त्रीशिक्षणाचा खर्च प्रांतिक, लोकल व म्युनिसिपल फंडांवर रास्तपणें पडावा, अनुदानाचे नियम मुलींच्या शाळांस सुलभ असावे, फी कमी असावी, शिक्षिकांस प्राधान्य द्यावें, तपासणीस स्त्रिया नेमाव्या, अशा शिफारशी केल्या. त्या चांगल्या होत्या. त्यांबरोबरच मुलींची परीक्षा सोपी असावी व तींत गृहकृत्यास उपयुक्त विषय असावे, असेंही सुचविलें. सवलतीच्या नांवाखालीं मुलींचें शिक्षण उणें ठेवण्याची वाट तेथून पडली, असें माझें मत आहे. जोतीरावांनीं अशी सवलत मागितलेली नव्हती. दोनच वर्षांनीं, २९ सप्टेंबर १८८४ रोजीं, रानडे, भांडारकर, मोडक आदि मंडळींनीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें. हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आलेली शाळा ती हीच. तिच्यावर ‘केसरी’-‘मराठा’ पत्रांतून जें रण माजलें त्याचा मुख्य मुद्दा हाच होता कीं, मुलींस मुलग्यांप्रमाणेंच शिकवावयाचें कीं काय.

कमिशनापुढें पुण्यास आणखी एक साक्ष झाली होती : पंडिता रमाबाईंची, त्याच १८८२ सालीं. स्त्रीशिक्षिका, स्त्री-तपासणीस आणि स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण हे तिचे विषय. ती साक्ष बाईंनीं मराठींत दिली. हंटरसाहेबांस ती इतकी भावली कीं त्यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर करवून स्वतंत्र छापविलें. जगभर गेलें तें भाषांतर. ज्या विदुषीचें संस्कृत ऐकून कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘सरस्वती’ पदवी दिली, तिच्या मराठी बोलण्याचा आधार घेतांना आपण इंग्रजीवरून मराठी करून घ्यावें, हें मला लाजिरवाणें वाटतें. निदान असे उतारे देणाऱ्यांनीं ‘भाषांतराचें भाषांतर’ एवढे दोन शब्द कंसांत लिहावे. जोतीरावांचें निवेदन तरी मुळांतच इंग्रजी आहे. त्याच्या मराठी रूपांतरांतील शब्दांवर जोतीरावांच्या भाषेचीं अनुमानें बांधणें तितकेंच फोल.

आतां संग्राहकांस उद्देशून. या शाळांत मुली काय शिकल्या याचा सर्वांत जिवंत पुरावा म्हणजे मुक्ता साळवे हिचा निबंध. चौदा वर्षांच्या त्या मांग मुलीनें लिहिलेला हा निबंध ‘ज्ञानोदया’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला म्हणून उरला. तो खात्यानें जतन केला नाहीं, कमिटीनें नाहीं, तुम्हीं-आम्हींही नाहीं. एका मिशनरी पत्राच्या खिळ्यांनीं केला. शाळांतील असे आणखी निबंध, पाट्यांवरून कागदावर आलेले हिशेब, बक्षिसांच्या याद्या किती गेल्या असतील? १८७० सालीं पुण्यास निघालेल्या स्त्रियांच्या ट्रेनिंग शाळेच्या पुढें किती पंतोजिणी झाल्या, त्यांचीं नेमणूकपत्रें, पेन्शनचे कागद, डेप्युटीच्या शेऱ्यांचीं पुस्तकें घराघरांतून माळ्यावर असणार. चाळीस वर्षांच्या नोकरींत अशीं दप्तरें मीं हाताळलीं आहेत. एका शाळेंत जुनीं दाखल-खारीज रजिस्टरें रद्दींत निघालीं तेव्हां त्यांतील तीन मला वजनावर विकत घेतां आलीं. बाकीचीं आदल्या दिवशींच गेलीं होतीं. त्यांत वैभव कांहीं नाहीं. मुलीचें नांव, बापाचें नांव, जात, धंदा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. मोडींत भरलेल्या कारणांच्या रकान्यांत ‘लग्न’ हा शब्द पानोपान येतो. कोठें ‘गांवीं गेली’, कोठें ‘घरीं काम’. एके ठिकाणीं एका मुलीचें नांव खारीज करून दोन वर्षांनीं पुन्हां दाखल केलें आहे, शेऱ्यांत ‘विधवा’.

पेशवाईचे कागद संभाळण्यास आपल्यांत माणसें पुष्कळ आहेत. १८५१ ते १८८२ या काळांतील पुणें व आसपासच्या मराठी शाळांचीं रजिस्टरें, शेऱ्यांचीं पुस्तकें, कमिटीच्या गृहस्थांच्या घरांतील जमाखर्चाच्या वह्या व पत्रें ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं त्यांची यादी तरी प्रसिद्ध करावी, अशी माझी विनंति आहे. चिपळूणकर, गोवंडे, वाळवेकर, परांजपे या घराण्यांतील कागद प्रथम पाहण्याजोगे. शोधतांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें : शाळेच्या नांवामागें ‘सरकारी’ हा शब्द कोणत्या सालापासून लागूं लागतो, आणि हस्तांतरापूर्वीं व नंतर मुलींच्या जातींच्या रकान्यांत काय फरक पडतो. महारमांगांच्या शाळेची स्थिति समाधानकारक नाहीं, असें जें निवेदनांत एका अर्ध्या वाक्यांत येतें, त्याचा निकाल त्या रकान्यावरून लागेल.